कपाळावरचं नाक

लंडनहून निघणाऱ्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एका वाचकाचं पत्र आहे. खाली पूर्ण नाव नाही, बी. एल. ही आद्याक्षरं तेवढी आहेत. पत्र छोटंसं, सोबत एक कोरीव चित्र. पुण्याजवळ एका माणसाच्या चेहऱ्यावर नवं नाक बसवलं गेलं, ते कसं, एवढंच त्यात सांगितलं आहे. प्लास्टिक सर्जरीचा इतिहास सांगणाऱ्या पुस्तकांत या पत्राचा उल्लेख हमखास सापडतो. पण उल्लेखापलीकडे ते सहसा वाचलं जात नाही. ‘आपल्याकडे हे आधीपासून होतं’ एवढा अभिमान काढून घेतला की पत्र बाजूला पडतं. मला ते ओळीओळीनं वाचण्याजोगं वाटतं. नाकातली हाडं, कूर्चा, आतलं अस्तर, रक्तवाहिन्या, श्वासाची वाट यांबद्दल पत्रात काहीही समजावून सांगितलेलं नाही. तरी जवळजवळ प्रत्येक वाक्यात हे सगळं हजर आहे, कारण ज्याचे हात या पत्रात काम करताना दिसतात त्याला ते हातानं ठाऊक होतं.

आधी माणूस. पत्रात त्याचं नाव कावसजी आहे. जात शेतकऱ्याची, मराठा. नाव पारशी वळणाचं वाटतं. मूळचा तो कावजी असेल आणि साहेबानं ऐकलं तसं लिहिलं असेल, असा माझा अंदाज. १७९२ च्या युद्धात तो इंग्रजी फौजेच्या बैलांवर होता. टिपूच्या हाती सापडला आणि त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. तशा अवस्थेत तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला, आणि पुढे कंपनीनं त्याला पेन्शन बांधून दिलं. साधारण वर्षभर तो नाकाशिवाय राहिला. मग पुण्याजवळच्या एका वीटकऱ्यानं, म्हणजे विटा पाडणाऱ्या जातीतल्या माणसानं, त्याला नवं नाक दिलं.

हा सगळा मजकूर पत्रात तीन-चार वाक्यांत उरकलेला आहे. हाताचा उल्लेख एकदा येतो आणि पुन्हा कधीच येत नाही. बैल हाकणाऱ्याचा हात गेला म्हणजे त्याचा धंदाच गेला, पण पत्रलेखकाचं सगळं कुतूहल नाकावर आहे. पहिल्यांदा वाचताना हे मला निर्दय वाटलं होतं. आता वाटतं, त्याच्यापुढे जे होतं ते इतकं नवलाचं होतं की त्यातून नजर हलवणं त्याला जमलं नाही. त्या एकाग्रतेमुळेच पत्राचा पुढचा भाग इतका नेमका उतरला आहे.

त्या मधल्या वर्षाबद्दल पत्र काही सांगत नाही, ते शरीररचनेवरून समजून घ्यावं लागतं. आपल्याला बाहेर दिसतं ते नाक म्हणजे खऱ्या नाकाचा ओटा. वरच्या तिसऱ्या हिश्शात दोन लहान हाडं, त्याखाली सगळी कूर्चा आणि कातडी. सुरी चालते ती या मऊ भागावर. खरं घर आत, मागे घशापर्यंत पसरलेलं असतं: मधे पडदा, दोन्ही बाजूंच्या भिंतींवर एकाखाली एक तीन वळलेली शिंपलीवजा हाडं, ज्यांना डॉक्टर टर्बिनेट म्हणतात, आणि त्यांच्या आडोशाला गालाच्या, कपाळाच्या आणि डोळ्यांमधल्या सायनसची बारीक तोंडं. डोळ्यातलं पाणीही एका नळीनं इथेच, सगळ्यांत खालच्या टर्बिनेटखाली उतरतं. कावसजीचं हे घर शाबूत होतं, फक्त दर्शनी भाग उडवलेला होता.

पण दर्शनी भाग नुसता दिसण्यासाठी नसतो. नाकपुड्यांची तोंडं खाली असतात, म्हणून हवा आधी वर चढते, मग वळून मागे जाते. नाकपुडीच्या थोडं आत एक अरुंद जागा आहे, साऱ्या श्वासमार्गातली सर्वांत चिंचोळी. तिथे हवेचा वेग आणि दिशा ठरते आणि ती टर्बिनेटच्या ओलसर, उबदार अंगावरून पसरून जाते. नाकापासून घशापर्यंतच्या एवढ्याशा वाटेत बाहेरची कोरडी गार हवा अंगाच्या उबेच्या जवळ येते आणि ओली होते. हा दर्शनी भाग गेला की हवा सरळ आत आदळते, अस्तर सुकतं, खपल्या धरतात, रक्त येतं. धुळीच्या रस्त्यांवर बैलांमागे चालण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे वर्ष कसं गेलं असेल ते पत्रलेखकानं विचारलेलं नाही. वीटकऱ्याला मात्र ते कळत होतं असं मला वाटतं, आणि त्याचा पुरावा पुढे येतो.

पत्रातली कृती मेणापासून सुरू होते. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या उरलेल्या खुंटावर बसवायचा, तो असा की छान दिसणारं नाक तयार व्हावं. मग तो पत्रा काढून सपाट करायचा आणि कपाळावर ठेवायचा. त्याच्या कडेनं रेघ ओढायची. इथे पत्र एका लहानशा अर्धवाक्यात सांगतं की आता मेणाचं काम संपलं. मला हे अर्धवाक्य फार आवडतं. कृती शिकवणाऱ्या माणसाला कोणती वस्तू कधी बाजूला ठेवायची हेही सांगावं लागतं. समोर उभं राहून पाहिल्याशिवाय हे लिहावंसं वाटत नाही.

पण या पायरीतली खरी बुद्धी सपाट करण्यात आहे. नाक ही घडी घातलेली वस्तू आहे. दोन उतार, शेंडा, आतल्या अंगाला वळलेल्या नाकपुड्यांच्या कडा आणि दोन नाकपुड्यांच्या मधली खाली ओठाला टेकणारी पट्टी, या सगळ्यांना कातडी लागते. नजरेनं अंदाज केला तर माणूस ती कमीच धरेल. मेण उलगडलं की खरा आकार कळतो, आणि तो वाटला होता त्याहून बराच रुंद निघतो. सुश्रुतसंहितेत हेच माप झाडाच्या पानानं घ्यायला सांगितलं आहे. पान सपाटच असतं, त्यानं जागेचं मोजमाप होतं. मेणात आधी नाक घडवता येतं, ते रोग्याच्या चेहऱ्याला शोभतं का ते पाहता येतं, आणि मगच त्याचं माप निघतं. रोज ओल्या मातीला साच्यात आकार देणाऱ्या जातीतल्या माणसाच्या हाती मेण यावं, यात मला कसलंही नवल वाटत नाही.

सुश्रुतानं कातडी गालावरून घेतली, वीटकरी कपाळावरून घेतो. इटलीत बोलोन्याच्या तालियाकोत्सीनं १५९७ साली छापलेल्या ग्रंथात ती दंडावरून घेतली होती आणि त्यासाठी रोग्याचा हात आठवडेच्या आठवडे डोक्याशी बांधून ठेवावा लागे. युरोपानं पुढे ती पद्धत जवळजवळ टाकून दिली. कपाळाची कातडी नाकाच्या शेजारची, रंगानं तशीच, पोतानं तशीच, आणि भरपूर. पण तिची खरी मोठी गोष्ट वेगळी आहे, आणि पत्रात ती एका ओळीत येते: मेणाच्या मापाची सगळी कातडी सोडवायची, फक्त दोन डोळ्यांमधली एक अरुंद पट्टी न कापता ठेवायची. जोड पक्का होईपर्यंत रक्त खेळतं राहतं ते या पट्टीतून.

आपल्या भुवईच्या आतल्या टोकाशी, नाकाच्या मुळाजवळ बोट ठेवून पाहा. डोळ्याच्या खोबणीतून तिथे एक बारीक धमनी बाहेर येते आणि कपाळावरून सरळ वर केसांकडे चढते. पाठ्यपुस्तकांत तिचं नाव सुप्राट्रॉक्लियर. तिच्याशी जोडलेल्या आणखी काही लहान वाहिन्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात आणि नाकाच्या मुळाशी एकमेकींना मिळतात. म्हणजे कपाळाच्या मधल्या कातडीचा पाणवठा खाली, नेमका दोन डोळ्यांमधे आहे. तिथली बोटभर पट्टी राखली की वरचा सगळा तुकडा जिवंत राहतो. वरची किंवा बाजूची पट्टी राखली असती तर एवढा भरवसा नव्हता. वीटकऱ्यानं ही धमनी उकलून पाहिली होती का, कोण जाणे. पण पिढ्यान्पिढ्या कातडी काळी पडताना आणि जगताना पाहिलेल्या माणसांनी ती जागा शोधून काढली होती. आजही नाकाच्या कर्करोगानंतर नाक पुन्हा घडवताना शल्यचिकित्सक कपाळाचीच कातडी वापरतात आणि तिचा देठ याच धमनीवर राखतात.

पुढचं एक वाक्य वाचताना हाताशी कागद घ्यावा असं मी सुचवेन. पत्र सांगतं की कातडी खाली आणायची आणि अर्धा पीळ द्यायचा. कागदाची पट्टी भिंतीवर धरून नुसती खाली दुमडली तर तिची मागची बाजू पुढे येते. कातडीचं तसं झालं तर उघडं मांस बाहेर आणि गुळगुळीत कातडी आत जाईल. म्हणून दुमडायचं नाही, देठावर फिरवायचं. आणि फिरवायचं म्हणजे मेणाचा पत्रा कपाळावर उलटा ठेवलेला असला पाहिजे: नाकाचं मूळ भुवयांकडे, नाकपुड्यांच्या कडा केसांकडे. ही उलट मांडणी पत्र वेगळी सांगत नाही. ‘अर्धा पीळ’ या दोन शब्दांतून ती आपोआप निघते. कोरीव चित्रात कपाळावरच्या व्रणाचा आकार पाहिला की खात्री पटते: कपाळावर नाकाची उलटी सावली उमटलेली आहे.

जोडण्याची रीत तर त्याहून सुंदर आहे. टाके नाहीत. खुंटावर भरून आलेली जुनी जखम आधी खरवडून ताजी करायची. मग तिच्या लगोलग मागे कातडीत एक चीर द्यायची, ती दोन्ही नाकपुड्यांच्या बाजूनं फिरून वरच्या ओठावरून जाते. नव्या कातडीची कड या चिरेत घुसवायची. कडेला कड लावून जोडली तर पातळ रेषेवर सगळा भार येतो. खाचेत बसवली तर दोन्ही अंगांनी ताजं मांस ताज्या मांसाला भिडतं आणि पकड दुहेरी होते. मग पाण्यात मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर पसरून अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक लावायच्या. चार दिवस दुसरं काही नाही.

कात म्हणजे खैराच्या लाकडाचा काढा आटवून केलेला, विड्यात पडतो तोच. आपल्या कोकणात हा धंदा जुना. कातकऱ्यांना नाव त्यावरूनच पडलं. त्यातल्या तुरट द्रव्यानं मांस आकसतं, झिरपणारं रक्त थांबतं, आणि वाळला की तो कापडासकट कडक होतो. म्हणजे एकाच पदार्थानं चिकटवणं, रक्त थांबवणं आणि साचा धरून ठेवणं ही तिन्ही कामं केली. चार दिवसांनी तो काढायचा आणि तुपात भिजवलेली कापडं ठेवायची. कडक झाल्यावर मऊ, हा क्रमही विचारपूर्वक आहे. आधी हालचाल बंद, मग सांध्यावर ताण न येता खपल्या सुटाव्यात म्हणून स्निग्धता. शस्त्रक्रियेनंतर पाच-सहा दिवस रोग्यानं उताणं पडून राहायचं. भूल नव्हती, ईथर यायला अजून पन्नासेक वर्षं होती. कपाळाची कातडी सोलवून घेताना कावसजी जागा होता, आणि पत्रात वेदनेचा एक शब्द नाही. पाच दिवस उताणं पडून राहायचं या एका तपशिलात ती सगळी साठलेली आहे.

दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे तुकडे घालायचे, त्या पुरेशा उघड्या राहाव्यात म्हणून. हाच तो पुरावा, मी मघाशी म्हटलेला. नवं नाक हे फक्त बाहेरच्या कातडीचं आहे. त्याला आतून श्लेष्मल अस्तर नाही, शेंडा उचलून धरणारी कूर्चा नाही. आतल्या उघड्या मांसावर व्रण धरतो आणि व्रण आकसतो. आकसता आकसता तो नेमका त्या चिंचोळ्या जागेचा गळा आवळतो, आणि मग बाहेरून सुबक दिसणारं नाक आतून बंद होतं. नुसता चेहरा दुरुस्त करायचा असता तर या कापडाची गरज नव्हती. ज्यानं ते घातलं त्याला नाकानं श्वास घ्यायचा असतो याची आठवण होती.

दहा दिवस का थांबायचं, हा प्रश्न मला अनेकदा पडला आहे. सुश्रुत सुरुवातीलाच दोन नळ्या घालायला सांगतो. त्यानं श्वास लगेच चालू होतो आणि नाक उचललेलं राहतं. वीटकऱ्यानं थांबणं पसंत केलं. नुकत्या बसवलेल्या कातडीवर आतून दाब आला तर देठातून येणारं थोडकं रक्तही अडेल आणि ओठावरच्या खाचेतली कड सुटेल, हे त्याला अनुभवानं कळलं असावं. व्रणाचा आवळ जोर धरतो तो नंतर. म्हणून कड धरल्यावर आणि आवळ सुरू होण्याच्या बेतात कापड. या जागी मला सुश्रुतापेक्षा वीटकऱ्याचा निर्णय अधिक सावध वाटतो, जरी त्यामुळे रोग्याला तितके दिवस बहुधा तोंडानं श्वास घ्यावा लागला असेल. आजचे शल्यचिकित्सक तिन्ही थर वेगवेगळे रचतात, कानाची किंवा बरगडीची कूर्चा आत बसवतात, अस्तराची स्वतंत्र सोय करतात. १७९३ च्या पुण्यात त्याऐवजी कापडाचे दोन तुकडे होते, आणि नेमकी जागा ठाऊक असलेला माणूस.

चित्राबद्दल थोडं. मूळ चित्र जानेवारी १७९४ मधलं, शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी काढलेलं. चित्रकार जेम्स वेल्स. हाच स्कॉटिश चित्रकार त्या काळात पुण्यात चार्ल्स मॅलेट या पेशवे दरबारातल्या इंग्रज वकिलाच्या आश्रयानं काम करत होता. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची आपल्या ओळखीची चित्रं त्याचीच. दरबार रंगवणाऱ्या हातानं बैलवाल्याचं तोंड रंगवलं, आणि दोन्हीकडे लक्ष सारखंच दिलं. या चित्रात कावसजीला बिचारा केलेलं नाही. कपाळावरचा व्रण लपवलेला नाही, नाकाचा शेंडा थोडा बोजड आहे तोही तसाच ठेवला आहे. काळानं कपाळावरचा व्रण फारसा नजरेत भरत नाही असं पत्र म्हणतं, आणि चित्रातला व्रण मात्र स्पष्ट दिसतो. दहा महिन्यांत तो पुरता निवला नसेल, किंवा वाचकाला कळावं म्हणून कोरणाऱ्यानं तो ठळक केला असेल. कसंही असो, मला चित्रातला व्रण पत्रातल्या भलामणीपेक्षा अधिक विश्वासाचा वाटतो.

एक गोष्ट मात्र मला सलत राहते. ही शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहणाऱ्या मुंबई इलाख्याच्या दोन डॉक्टरांची नावं पत्रात आहेत. रोग्याचं नाव आहे. करणाऱ्याचं नाही. त्याची जात आहे, गावाची दिशा आहे, हत्यार कसं चाललं ते आहे, पण नाव विचारावं असं कुणाला सुचलं नाही. पुढे वीस वर्षांनी, १८१४ मध्ये, लंडनच्या जोसेफ कार्प्यूनं आधी मृतदेहांवर सराव करून हीच शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये दोन रोग्यांवरच्या यशाचं पुस्तक छापलं. त्याचं नाव इतिहासात पक्कं झालं. कार्प्यूचा मोठेपणा मी कमी लेखत नाही. त्यानं ही विद्या भारतातून आल्याचं मोकळेपणानं लिहिलं. पण पत्राच्या इंग्रजी वाक्यांत क्रिया आहे आणि कर्ता जवळजवळ नाहीच: मेण बसवलं जातं, रेघ ओढली जाते, कातडी खाली आणली जाते. शास्त्रीय लेखनाची ती रीतच आहे, मान्य. इथे त्या रीतीनं एका जिवंत माणसाला गिळून टाकलं.

त्याची माझ्या मनातली ओळख पत्रातल्या पंचविसाव्या दिवसावरून होते. दोन डोळ्यांमधली ती पट्टी त्या सुमारास तोडायची, असं पत्र म्हणतं. एव्हाना ओठाच्या आणि गालाच्या बाजूनं नव्या बारीक रक्तवाहिन्या कातडीत शिरलेल्या असतात आणि नाकाला कपाळाची गरज उरत नाही. आजही हा देठ साधारण तीन आठवड्यांनीच तोडतात. पट्टी तोडली की शस्त्रक्रिया खरं तर संपली. पण पत्रात तिथेच आणखी थोडं काम आहे: नाक चांगलं दिसावं म्हणून अजून जराशी कातडी सोडवावी लागते. सुरुवातीला मेणाचं नाक घडवतानाही दिसण्याचाच विचार होता. पिळाच्या जागी भुवयांमधे मांसाचा उंचवटा राहतो, तो उतरवून नाकाचं मूळ सपाट केल्याशिवाय वीटकऱ्याचं समाधान होत नव्हतं.